'घर सांभाळून' गणित होत नाही

आपल्या समाजात शिकलेल्या बाईचा सत्कार करायचा झाला की सूत्रसंचालकाच्या तोंडी एक वाक्य ठरलेले असते. 'मोहतरमांनी घर सांभाळून, मुलेबाळे सांभाळून, नोकरी सांभाळून ही डिग्री हासिल केली.' टाळ्या पडतात. शाल येते, पुष्पगुच्छ येतो, अध्यक्ष दोन शब्द बोलतात आणि त्या दोन शब्दांतही पुन्हा तेच वाक्य येते. आमचा विरोध या वाक्याला आहे. ते कौतुकाचे वाक्य नाही. ती अट आहे. तिचा सरळ अर्थ असा, की बाईने खुशाल शिकावे, मात्र तिच्या शिकण्याची झळ घरात कुणालाही लागता कामा नये. चहाची वेळ चुकू नये, सालन बिघडू नये, आलेला पाहुणा उपाशी जाऊ नये. पुरुषाच्या सत्कारात हे वाक्य कोणी ऐकले आहे काय? 'जनाबांनी दोन्ही वेळची भांडी घासून पीएच.डी. केली' असे कुणी म्हटलेले आमच्या तरी ऐकिवात नाही.

आम्ही म्हणजे कोण, हे सांगितले पाहिजे. आम्ही महाराष्ट्रातल्या उर्दू माध्यमाच्या शाळांत शिकवणाऱ्या शिक्षिका. कुणी डी.एड., कुणी बी.एड.; बहुतेकींची तिशी उलटलेली, पदरात दोन-तीन मुले. शाळेत गणिताचे तास आमच्याकडे आले, कारण द्यायला दुसरे कुणी नव्हते. ते तास घेता घेताच आम्हाला पुन्हा कॉलेजात नाव घालावे लागले. कुणी बी.एस्सी.च्या गणिताला, कुणी अर्धवट राहिलेल्या पदवीला, कुणी मुक्त विद्यापीठाच्या अभ्यासकेंद्रावर. ही रिकामपणाची हौस नाही. हौसच करायची तर मेंदी आणि कशिदा काय कमी आहेत? आम्ही गेलो त्याला कारण वर्गातले आहे.

दोनचे वर्गमूळ अपरिमेय आहे, ही सिद्धता शाळेच्या पुस्तकात असते. ती फळ्यावर लिहून देता येते, मुले उतरवून घेतात, परीक्षेत मार्कही पडतात. पण एखादी मुलगी उठते आणि विचारते, 'टीचर, दोनच्या जागी चार घेतला तर? मग चारचे वर्गमूळही अपरिमेय निघेल ना? पण ते तर सरळ दोन आहे!' या प्रश्नाचे उत्तर बी.एड.मध्ये नाही. बी.एड.ने आम्हाला पाठ टाचण काढायला शिकवले, आशययुक्त अध्यापन पद्धती शिकवली, रंगीत तक्ते करायला शिकवले. त्याची किंमत आम्ही कमी लेखत नाही. परंतु कसे शिकवावे हे कळले, तरी काय शिकवायचे ते आधी आपल्याला यायला हवे. एखाद्या संख्येच्या वर्गाला २ ने भाग गेला, तर त्या संख्येलाही २ ने भाग जातोच, कारण २ ही मूळ संख्या आहे. ४ चे तसे नाही. ६ चा वर्ग ३६. त्याला ४ ने भाग जातो, पण ६ ला जात नाही. सिद्धता नेमकी इथे तुटते. हे चार ओळींचे उत्तर आहे. पण ते हातात यायला कॉलेजचे गणित डोक्यातून जावे लागते. ते नसले की शिक्षिका म्हणते, 'तेवढे पाठ कर, बस खाली.' ती मुलगी खाली बसते आणि पुन्हा उठत नाही.

ती पुढे कुठे जाते तेही पाहा. दहावीपर्यंत ती मुसल्लस, जाविया, मसावात या शब्दांत गणित शिकलेली असते. अकरावी सायन्सला गेली तर एका उन्हाळ्यात सगळे इंग्रजी होते. मुसल्लसचा ट्रँगल होतो, मसावातचे इक्वेशन होते. पाया पक्का असता तर नुसते शब्द बदलले म्हणून कुणी बुडाले नसते. पण पाया पाठांतराचा; शब्द गेले की सगळेच जाते. म्हणून घरचे आणि शाळेचे मिळून तिला आर्ट्सला घालतात. तिथून उर्दू घेऊन बी.ए., मग बी.एड., आणि मग ती आमच्यासारखीच एखाद्या उर्दू शाळेत रुजू होते. तिथे गणिताला माणूस नसतो. तास तिच्याकडे येतात. तिच्या वर्गात पुन्हा एक मुलगी उठते आणि पुन्हा खाली बसते. असे हे रहाटगाडगे आहे. २००६ च्या सच्चर समितीच्या अहवालाने सांगितले, की वीस वर्षांवरच्या मुसलमानांत पदवी किंवा पदविका घेतलेले चार टक्क्यांहूनही कमी आहेत. त्या आकड्यावर आपल्याकडे किती परिसंवाद झाले! पण त्या मूठभर पदवीधरांत गणित घेतलेले किती, त्यात बायका किती, हा प्रश्न एकाही परिसंवादात आम्हाला ऐकू आला नाही. १९९० साली सोलापूरला पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरले. तेव्हापासून आपल्या लेखणीने तलाकवर लिहिले, बुरख्यावर लिहिले, दंगलींवर लिहिले. ते लिहायलाच हवे होते. पण स्त्रीशिक्षणाचा विषय आला, की आपण 'शिक्षण' एवढ्या एका शब्दावर थांबतो. कोणते शिक्षण, हे विचारीत नाही.

इथे काही शहाणे लगेच म्हणतील, 'दोष उर्दू माध्यमाचा आहे. बंद करा ते.' हेही आम्हाला मान्य नाही. एकोणिसाव्या शतकात दिल्ली कॉलेजात उर्दूतून विज्ञान आणि गणित शिकवले जात होते. तिथले शिक्षक मास्टर रामचंद्र यांनी महत्तम-लघुत्तमाच्या प्रश्नांवर लिहिलेला इंग्रजी ग्रंथ १८५० साली कलकत्त्यात छापला गेला, आणि डी मॉर्गन या इंग्रज गणितज्ञाने तो १८५९ साली लंडनमध्ये पुन्हा प्रसिद्ध करवला. १९१८ साली हैदराबादला उस्मानिया विद्यापीठ सुरू झाले, तेही उर्दू माध्यमाचे. तिथल्या दारुल तर्जुमाने कॉलेजची गणिताची पुस्तके उर्दूत आणली. मराठवाडा तेव्हा त्याच राज्यात होता. म्हणजे ज्या भाषेत कॉलेजचे गणित शिकवून झाले आहे, त्या भाषेला आज दहावीचे गणित झेपत नाही असे म्हणण्यात काय अर्थ आहे? भाषेला झेपते. शिकवणारे माणूस तयार केले जात नाही, इतकेच.

आता हे माणूस तयार व्हायचे कसे? नव्या पिढीतून आपोआप येईल म्हणावे, तर ती पिढी आमच्याच हाताखालून जाते आहे. तेव्हा आज वर्गात उभ्या असलेल्या बाईलाच परत कॉलेजात गेले पाहिजे. आणि घोडे पेंड खाते ते इथे. कारण 'घर सांभाळून' हे सूत्र इतर विषयांत कसेबसे चालून जाते. गणितात ते चालतच नाही. इतिहासाच्या सनावळ्या कणीक मळताना घोकता येतात. शायराचे चरित्र बसमध्ये वाचता येते. पण कॉलेजच्या पहिल्याच वर्षी मर्यादेची व्याख्या येते. कोणताही एप्सिलॉन घ्या, कितीही लहान घ्या, त्याला पुरा पडेल असा डेल्टा सापडला पाहिजे. आधी एप्सिलॉन, मग डेल्टा. हा क्रम उलटला तर अर्थच बदलतो. ती साखळी डोक्यात धरून एकेक कडी पुढे सरकावी लागते. चौथ्या कडीवर असताना कुकरची शिटी झाली, पाचवीवर 'अम्मी, माझा मोजा कुठे आहे' आले, की पुन्हा पहिल्या कडीपासून. दिवसभरात वीस मिनिटांचे सहा तुकडे मिळाले, तर त्यांची बेरीज दोन तास होते. पण गणिताच्या अभ्यासात ती बेरीज शून्याच्या आसपासच राहते. ज्याने कधी एक उदाहरण दोन तास धरून सोडवले आहे, त्याला हे सांगावे लागणार नाही. ज्याने सोडवलेले नाही, तो म्हणतो, 'आजकाल सगळे यूट्यूबवर मिळते, स्वयंपाक करता करता पाहता येते.' पाहता येते, बरोबर. दुसऱ्याला पोहताना पाहूनही पोहता येत असते, तर समुद्रकाठी राहणारा एकही माणूस बुडाला नसता.

घरात वेळ नसतो, हे आम्हाला सांगितले जाते. फजरपासून डबे, शाळेचे सत्र, परत आल्यावर मुलांचा अभ्यास, रात्रीचे जेवण. संपर्क वर्ग रविवारी, आणि रविवारी कुणाची मंगनी, कुणाचा वलीमा. रमजान आला तर सहरीला उठणे आणि असरपासून इफ्तारीच्या तयारीला लागणे. परीक्षेचे वेळापत्रक त्याच महिन्यात लागले, तर दोष आमच्या नशिबाचा. वेळ नाही, हे आम्हीही काही काळ खरे मानले असते. पण मग २०२५ साल आले. त्या वर्षी १ सप्टेंबरला सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला, की निवृत्तीला पाच वर्षांहून अधिक अवधी असलेल्या सेवेतल्या शिक्षकांनी दोन वर्षांत टीईटी उत्तीर्ण व्हावे. अल्पसंख्याक संस्थांचा प्रश्न मोठ्या पीठाकडे गेला. परंतु घबराट सगळ्याच शाळांत झाली. सहावी ते आठवीच्या पेपरात १५० पैकी ६० गुण गणित-विज्ञानाचे, असे कळताच आमच्या ओळखीच्या घराघरांत चमत्कार झाला. नवरा मुलांना घेऊन मशिदीत जाऊ लागला. सासूने रात्रीची भाकरी आपणहून हातात घेतली. 'बहू पढ रही है, आवाज मत करो' असे शब्द कानावर येऊ लागले. दोन तास सापडले! म्हणजे ते होते. पगार धोक्यात आल्यावर ते निघाले. आमचे शिकणे धोक्यात होते तेव्हा निघाले नव्हते. वेळेची टंचाई कधी नव्हतीच, टंचाई होती ती आमच्या शिकण्याला किंमत देण्याची.

गणिताला काय लागते हे दोन माणसांकडे पाहून कळेल. नाशिकजवळच्या देवळालीत द. रा. कापरेकर (१९०५-१९८६) हे शाळामास्तर होते. चार अंकी संख्या घ्या, सगळे अंक सारखे नकोत; अंक उतरत्या क्रमाने लावून येणाऱ्या संख्येतून चढत्या क्रमाची वजा करा, आणि हेच पुन्हा पुन्हा करा. शेवटी ६१७४ येऊन थांबते. ३५२४ घेऊन पाहा: ३०८७, मग ८३५२, मग ६१७४. हा शोध कुठल्या मोठ्या विद्यापीठातून आला नाही, शाळामास्तराच्या हिशेबाच्या वहीतून आला. पण त्यांच्याविषयी लिहिताना 'घर सांभाळून' असे कुणी लिहीत नाही, कारण ते सांभाळायला कुणी तरी होते, हे सगळे गृहीत धरतात. दुसरी, १९७७ साली तेहरानमध्ये जन्मलेली मरियम मिर्झाखानी. १९३६ पासून दिले जाणारे फील्ड्स पदक २०१४ मध्ये तिला मिळाले, आणि ते मिळवणारी ती जगातली पहिली स्त्री ठरली. २०१७ साली चाळिसाव्या वर्षी ती कर्करोगाने गेली. ती जमिनीवर मोठमोठे कागद पसरून तासन् तास आकृत्या काढीत असे. तिच्या लहान मुलीला वाटे, आई चित्रे रंगवते आहे. तीही आई होती. पण तिच्या घरात कागद पसरायला जमीन होती आणि तो उचलायला लावणारे कुणी नव्हते. तिचा फोटो आपल्याकडे मोबाइलवरून फिरला, 'हमारी बेटी' म्हणून अभिमान झाला. आम्ही एवढेच विचारतो, की आमच्या किती घरांत सुनेने दिवाणखान्यात असा कागद पसरला तर तो संध्याकाळपर्यंत तसाच राहील?

अभिमानाचा विषय निघालाच आहे, तर अल-ख्वारिज्मींविषयीही बोलू. ईद मिलनच्या एकाही भाषणातून त्यांची सुटका नाही. 'अलजेब्रा आम्ही दिला' हे वाक्य इतक्या जोरात येते, की वक्त्याला स्वतःला वर्गसमीकरण सोडवता येते की नाही हे विचारण्याची कुणाची छाती होत नाही. नवव्या शतकात बगदादमध्ये त्यांनी जब्र आणि मुकाबला यांवर किताब लिहिली हे खरे. पण त्या किताबीचा मोठा भाग वारसा आणि वसीयत यांच्या वाटणीच्या उदाहरणांचा आहे, हे कुणी सांगत नाही. एक साधे उदाहरण घेऊ. माणूस गेला; मागे पत्नी, एक मुलगा, एक मुलगी. पत्नीचा एक अष्टमांश, म्हणजे २४ पैकी ३. उरलेल्या २१ मध्ये मुलाचे १४, मुलीचे ७. अशी ही वाटणी. ज्या कामासाठी हे गणित मांडले गेले, ते काम आपल्या मोहल्ल्यात कसे चालते? मुलीकडून हक्कसोडपत्रावर सही घेतली जाते आणि तिचे ७ भावाच्या १४ मध्ये मिळवून २१ केले जातात. या बेरजेला कोणता अलजेब्रा म्हणायचा? पूर्वजांच्या गणिताचा गर्व करायचा आणि घरातल्या बाईला ना त्या गणिताचा वाटा द्यायचा ना त्यासाठी वेळ, याला वारसा म्हणत नाहीत, वारसा हडपणे म्हणतात.

दीनचा आधार देऊन आम्हाला गप्प करता येईल असे ज्यांना वाटते, त्यांनीही जरा किताबी उघडाव्यात. कोकणातली आपली जमात शाफई पंथाची आहे. शाफई फिकहमध्ये स्वयंपाक, झाडलोट, धुणे ही पत्नीवर लादलेली कायदेशीर जबाबदारी मानलेली नाही. ती जे करते ते तिचे सौजन्य. खुतब्यांत पत्नीची कर्तव्ये पुष्कळ ऐकली. हा मसला मात्र मिंबरवरून ऐकायचे भाग्य आम्हाला अजून लाभलेले नाही. आम्ही घरातले काम टाकून देणार नाही. मुले आमची आहेत, घर आमचे आहे. पण जे सौजन्य आहे त्याला फर्ज म्हणू नका, आणि इल्म घेणे जे फर्ज आहे त्याला 'शौक' म्हणू नका.

काही हितचिंतक आमच्याच बाजूचे आहेत. ते म्हणतात, 'हळू बोला. आज घर सांभाळून शिकू देतात ना? वेळ मागायला लागलात तर आहे ती परवानगीही जाईल. उद्या मुलींच्या लग्नात हीच अट येईल, की सून शिकलेली नको.' या भीतीत तथ्य आहे, हे आम्ही जाणतो. अशा अटी घालणारी घरे आहेत. पण हळू बोलण्याचा परिणाम काय झाला, तेही पाहावे. सगळे सांभाळून जिने पदवी घेतली, तिचा दाखला पुढच्या दहा जणींच्या तोंडावर मारला जातो: 'तिला जमले, तुला का जमत नाही?' एकीच्या अतिश्रमाचा माप म्हणून वापर होतो, आणि त्या मापात न बसणाऱ्या बायका दुसऱ्या सत्रात नाव काढून घेतात. त्यांचा सत्कार होत नाही. त्यांची मोजदादही होत नाही. त्यांच्यापैकी प्रत्येकीच्या मागे चाळीस-पन्नास मुलांचा एक वर्ग आहे, ज्याला गणित येणारी बाई मिळता मिळता राहिली. म्हणून आम्ही हळू बोलणार नाही.

'पदवी घेऊन पगार तेवढाच राहणार, मग फायदा काय?' असे विचारणारेही आहेत. पगार तेवढाच राहील, कबूल. फायदा त्या खाली बसलेल्या मुलीचा आहे. ती आपलीच आहे ना?

संस्थाचालकांनाही सोडून चालणार नाही. शाळेच्या कमानीला, मागल्या हॉलला, वॉटर कूलरला देणगीदार मिळतात. त्यांच्या नावाच्या पाट्या लागतात. गणिताच्या शिक्षिकेची कॉलेजची फी भरली म्हणून पाटी लागलेली आम्ही पाहिलेली नाही. शिक्षण हक्क कायदा २००९ चा. त्याच्या कलम २७ ने जनगणना, आपत्ती आणि निवडणूक यांखेरीज शिक्षकाला बिगरशैक्षणिक काम देऊ नये असे सांगितले. तरी जलशाच्या पत्रिका वाटण्यापासून संस्थेच्या सभासदांच्या याद्या करण्यापर्यंतची कामे बायकांकडेच येतात, आणि प्रॅक्टिकलसाठी एक दिवस मागितला तर 'शाळेचे नुकसान होते' हे ऐकावे लागते. शाळेचे नुकसान कशाने होते आहे, ते दहावीच्या गणिताच्या निकालपत्रात दरवर्षी छापून येते.

तेव्हा मागणी काय ती हिशेबात मांडतो. आठवड्याचे तास १६८. त्यांतले १० आम्हाला हवेत, आणि ते दोन-दोन तासांचे सलग पाच हवेत, वीस-वीस मिनिटांचे तीस नकोत. या पाच बैठकांत दार लोटलेले असेल आणि घरातल्या माणसांना पाण्याचा ग्लास कुठे असतो हे माहीत असेल. हे घराने द्यायचे. संस्थेने सत्राची फी, परीक्षेच्या दिवसांची रजा आणि वेळापत्रकात एक मोकळी दुपार द्यावी; कमानीच्या एका खांबापेक्षा यात जास्त खर्च नाही. कॉलेजांनी आणि अभ्यासकेंद्रांनी गणिताचे एक टिपण असे करावे, की ज्यात इंग्रजी संज्ञेशेजारी उर्दू आणि मराठी संज्ञा असेल, म्हणजे पस्तिसाव्या वर्षी आलेली बाई शब्दांवर अडणार नाही. जमातीने निदान एवढे करावे, की सत्काराच्या भाषणातून ते वाक्य काढून टाकावे. त्याजागी घरच्या पुरुषांना स्टेजवर बोलावून विचारावे, 'हिच्या शिकण्यासाठी तुम्ही काय काय सांभाळले?' ज्याला उत्तर देता येईल, त्यालाही शाल द्यावी. आमची हरकत नाही.

१६८ मधून १० वजा केले तर १५८ उरतात. ही वजाबाकी तिसरीतल्या मुलालाही येते. ती करायची की नाही, हे आता ज्याने त्याने आपल्या घरात ठरवावे.